टाकी तर भरली होती

पुलाच्या ऐन मध्यावर मोटरसायकलने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. मीटरसाहेबांनी पेट्रोलच्या काट्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. काटा तळाच्या लाल पट्टीवर निपचित पडला होता. घरून निघतानाही तो तिथेच होता. पण महिन्याभरापूर्वी त्यांनी स्वतः उभं राहून टाकी काठोकाठ भरून घेतली होती आणि त्यानंतर गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. तेव्हा काटाच खोटं बोलतोय, असं ठरवून ते निघाले होते.

रिझर्व्हवर टाकावी म्हणून त्यांनी हात खाली घातला. पेट्रोलचा कॉक आधीच रिझर्व्हवर होता.

"गाढव मिस्त्री!" ते भर पुलावर ओरडले. मागच्या दुरुस्तीच्या वेळी त्यानेच तसा ठेवला असणार.

मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. ते धूड ढकलत गॅरेजपर्यंत पोचेतो त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि संताप टाळूपर्यंत चढला होता.

उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मीटर दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना मीटरसाहेब म्हणायची. यंत्राने खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. माणसांना तर मुळीच सवलत नव्हती. एकुलती एक मुलगी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

"हा असला काटा बसवलास?" त्यांनी मिस्त्रीला फैलावर घेतलं.

मिस्त्रीने मुकाट्याने टाकीतला फ्लोट बाहेर काढला, वायर जोडलेलीच ठेवून तो हाताने वर उचलला. काटा सुरळीत वर गेला. खाली सोडला, काटा खाली आला. मीटरसाहेबांनी स्वतः तीच परीक्षा पुन्हा घेतली, जोड घासून पाहिले, वायर चाचपली. कुठे खोट म्हणून सापडेना.

"काटा बरोबर आहे, साहेब."

"मग पेट्रोल गेलं कुठे? वाफ झाली त्याची?"

मिस्त्री चिंधीला हात पुसायला लागला आणि पुसतच राहिला. "गाडी चालली की पेट्रोल जातं."

"मी चालवतच नाही, तर चालेल कशी?"

"तेही खरंच," म्हणून तो दुसऱ्या गाडीच्या चाकात डोकं घालून बसला.

किलोमीटरचा आकडा बघावा, तर त्याची केबल कधीचीच तुटलेली. ती बदलायचं मिस्त्री दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलायचा.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"अहो, जुनी गाडी ती. काटा बिघडला असेल, दुसरं काय? कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"काटा बिघडला असता तर मला कळलं नसतं? चोरी आहे ही, चोरी!"

"हळू बोला."

"का हळू बोलू? चोराने हळू बोलावं!"

त्यांनी टाकी पुन्हा भरली. गळती असेल तर दिसावी म्हणून गाडीखाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठा कोरडाच राहिला. दोन आठवड्यांनी टाकीत कोरडी काठी बुडवून पाहिली, तर ती जेमतेम निम्मी ओली झाली. काटाही नेमकं तेच दाखवत होता.

त्यांनी तडक खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला गाठलं. त्याची स्कूटर त्यांच्या गाडीला लागूनच उभी असायची.

"नळी घालून ओढतोस ना रे?"

भाडेकरू लालबुंद झाला. "काका, काहीतरीच काय बोलता? तुमच्या पेट्रोलला मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग कोणी लावलं?"

भाडेकरूने क्षणभर वर, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "ते मला नका विचारू," तो म्हणाला आणि दार लावून आत गेला.

इतक्या वर्षांचा घरोबा त्या दिवशी तुटला. दुपारी वाचनालयात मीटरसाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "उद्या या पेट्रोलचोराला रंगेहाथ पकडतो आणि थेट पोलिसांच्या हवाली करतो. मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!" ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नेहमीसारखे वाचनालयात जायला म्हणून बाहेर पडले, कोपऱ्यावरून वळसा घालून मागच्या दाराने आले आणि गाडीच्या शेडमध्ये रिकाम्या पिंपामागे पाना घेऊन दबा धरून बसले. गुडघे कुरकुरायला लागले, पण ते हलले नाहीत.

थोड्या वेळाने कोणीतरी आत आलं. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, अंगात गळ्यापर्यंत बंद केलेलं जाकीट. त्या माणसाने खिशातून किल्ली काढली. हरवली म्हणून त्यांनी जिचा नाद कधीच सोडला होता, ती दुसरी किल्ली! नळी नाही, डबा नाही; चोर चक्क गाडीच न्यायला आला होता. त्याने एकच किक मारली आणि गाडी चालू झाली. मीटरसाहेबांना ती चालू करताना दर वेळी घाम फुटायचा. हा अपमान मात्र त्यांना चोरीपेक्षाही झोंबला.

"थांब, चोरा!" त्यांनी झेप घेऊन हँडल पकडलं. "चोरी ती चोरी, वर माझ्याच गाडीवर माझ्याच दारातून मिरवत जातोस?"

चोराने शांतपणे हेल्मेटची काच वर केली.

बायको होती.

पाना त्यांच्या हातातच राहिला. "तू? तुला... कोणी शिकवलं हे?"

"मिस्त्रींनी."

"आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना."

"अगं पण जातेस कुठे रोज?"

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हँडलवरची त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"वाटेत उभे राहू नका. यायचं असेल तर मागे बसा. तुमच्या नातीची शाळा सुटायची वेळ झालीय."