त्सायच्या वाटचं जेवण

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी साडेसहाला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. पिशव्या घेऊन सगळे रांगेत उभे राहतात, त्यामुळे कोणाचं पोट किती सुटलंय हे लपत नाही. शेजारच्या त्सायचं चार महिन्यांत सपाट झालं होतं. दिवसातल्या आठ तासांतच खायचं आणि दुपारी चारनंतर तोंडाला कुलूप!

"पोटालाही घड्याळ असतं बाबा," माझ्या ढेरीवर टिचकी मारून तो म्हणायचा. "दिवस कलला की ते आवरायला घेतं. मग खाशील ते अंगावरच चढतं."

मी जळून खाक व्हायचो. पण करणार काय? त्याच्या बायकोला उरलेलं अन्न कचरागाडीवरच्या, डुकरांसाठी खरकटं गोळा करायच्या बादलीत टाकवत नसे. गाडी यायच्या आत ती माझ्यासारख्या विधुराच्या दारात डबा घेऊन हजर.

"भावजी, यांच्या वाटचं आहे. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

एकदा वहिनींसमोरच मी माशाच्या सुपाचा दुसरा वाडगा तोंडाला लावलेला असताना त्साय दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आज सुपात आलं काय झकास पडलंय!" मी म्हणालो. वहिनी चक्क लाजल्या.

त्साय लालबुंद झाला. "उद्यापासून मी सातला जेवणार!"

"आणि तुझ्या पोटाचं घड्याळ?"

"गेलं खड्ड्यात!"


आता रांगेत त्सायच्या आधी त्याचं पोट पोहोचतं आणि डबा बंद झाल्यापासून माझं सपाट झालंय. हेवा मात्र अजूनही मलाच वाटतो.