तीनदा करपलेला भात

चौकीत साठ जवान होते आणि खिंडीपलीकडे शत्रूचे दोन हजार. दुपारी हल्ला होणार हे नक्की होतं. निदान आजचं जेवण तरी पोरांना चांगलं मिळावं म्हणून आचारी धोंडीराम खरात पहाटेपासून खपत होते, पण सगळं लक्ष खिंडीकडे असल्यामुळे भात तीनदा करपला. शेवटी वैतागून, एकीवर तरी नीट शिजेल म्हणून, त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाराच्या बारा भट्ट्या एकदम पेटवल्या.

तासाभरात मेजर सुर्वे धावत आले.

"साहेब, चुकलं माझं," खरात म्हणाले.

"अहो, त्यांचा उपग्रह भट्ट्यांची धग मोजून फौज किती ते सांगतो. त्याने आपल्याला पाच हजार धरलं! ते शरण आलेत."

खरात मटकन खाली बसले.

"बसताय काय? दोन हजार माणसं जेवायला येतायत."