टाइन, डॉगर, फिशर

टाइन. डॉगर. फिशर. जर्मन बाइट. हंबर. बोटीवरच्या रेडिओवर रोज, याच क्रमाने, समुद्राचं हवामान.

"चष्मा घरी राहिला, तूच बघ ना." आजोबा, दवाखान्यात. बँकेत. पबमध्ये जेवणाचा फळा समोर असताना.

मासे-बटाट्याच्या दुकानात वर्षानुवर्षं एकच मागणी: "नेहमीचंच दे."

शाळेतल्या मिस ऑकलंड: "आपल्याकडची विद्यापीठं विचारतात, विषय किती येतो. अमेरिकेतली विचारतात, तू कोण. तिथे लाजायचं नाही, ब्रायनी. लाजलीस की संपलीस."

शेजारच्या खोलीत, टीव्हीवर, शनिवारचे घोडे धावतायत.

ब्रायनीने लॅपटॉप पावाच्या डब्यावर ठेवला होता, चेहरा समोरून दिसावा म्हणून. पडद्यावर मिसेस लॉरिंग होत्या. ब्रायनीने अर्ज केलेल्या अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकलेल्या, आता बॉस्टनमध्ये राहणाऱ्या, त्याच्या वतीने तिची मुलाखत घेणाऱ्या. तिकडे सकाळ होती, त्यांच्या मागे ऊन होतं. इकडे इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत दुपारीच दिवे लागले होते. मिसेस लॉरिंग जे लिहून कळवतील त्यावर बरंच अवलंबून होतं. जागा मिळाली तर सगळा खर्च विद्यापीठ करणार होतं. नाही मिळाली तर इथेच राहायचं. मासे गोठवायच्या कारखान्यात आईच्या शेजारी उभं राहायचं. ते तिला नको होतं.

"गणितात तू शाळेत पहिली आहेस म्हणे?"

"म्हणजे... बरं जमतं."

"आणि वादविवादाचं बक्षीस?"

"त्या वर्षी फारसं कोणी आलंच नव्हतं."

मिसेस लॉरिंग हसल्या. त्यांच्या हातातलं पेन मात्र हलेना. ब्रायनीला ते पेन दिसत होतं. घरी, शाळेत, रस्त्यावर, सगळीकडे हीच उत्तरं शहाण्यासारखी वाटली असती. इथे ती एकेका उत्तरानिशी बुडत होती.

"बरं, बक्षिसं राहू दे. गेल्या वर्षात तू कोणासाठी काय केलंस, ते सांग."

ब्रायनीची नजर टेबलावरच्या सॉसच्या बाटलीवर गेली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं."

पेन हललं.

मग ती बोलतच गेली. आजोबा तेराव्या वर्षी बोटीवर गेले. सगळं आयुष्य चष्मा विसरल्याचं सांगत काढलं. आजी त्यांची पत्रं वाचायची. आजी गेली आणि ते आंधळ्यासारखे झाले. आईलासुद्धा हे माहीत नाही. "मी त्यांना शिकवलं," ब्रायनी म्हणाली. "याच टेबलावर. रोज संध्याकाळी. आधी सॉसच्या बाटलीवरची अक्षरं, मग पेपरातलं समुद्राचं हवामान. त्यांनी वाचलेला पहिला शब्द हंबर. आमची खाडी."

मिसेस लॉरिंगनी चष्मा काढून डोळे पुसले.

तेव्हा ब्रायनीच्या लक्षात आलं, शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद आहे. कधी बंद झाला कोण जाणे. या घराच्या भिंती अशा, की पलीकडे कोणी खोकलं तर इकडून "काळजी घ्या" म्हणावं.

म्हणजे आजोबांना सगळं ऐकू गेलं होतं.

"आजोबा घरी आहेत?" मिसेस लॉरिंगनी विचारलं. "त्यांना भेटायला मला फार आवडेल."

"ते झोपलेत बहुतेक..."

दार उघडलं. वॉल्टर आजोबा आत आले. पायात सपाता, काखेत पेपर. केस ओले करून विंचरलेले.

"झोपलेत म्हणे!" ते म्हणाले. "काय मॅडम, ही पोरगी मला भरदिवसा झोपवते. सरक गं."

ते तिच्या शेजारी बसले आणि पडद्याच्या फार जवळ गेले.

"तुमच्या नातीने मला सगळं सांगितलं," मिसेस लॉरिंग म्हणाल्या. "तुमचा अभिमान वाटतो."

"अहो, माझं काय त्यात. ही भारी चिकाटीची. मी मठ्ठ. मी कंटाळायचो, ही नाही कंटाळायची."

"आजोबा," ब्रायनी पुटपुटली.

"गप गं. मॅडम माझ्याशी बोलतायत."

"थोडंसं वाचून दाखवाल? तुमचं ते समुद्राचं?"

ब्रायनीने टेबलाची कड घट्ट धरली. आजोबांनी खिशातून चष्मा काढला, सावकाश डोळ्यांवर चढवला. पेपर उघडला, एक पान उलटलं, दुमडलं, उजेडाकडे धरलं. बोट एका ओळीवर ठेवलं.

"टाइन," ते वाचू लागले. बोट सरकलं. "डॉगर. फिशर." मध्येच ते अडखळले, ओठ हलवले, जणू अवघड अक्षर लागलंय. "जर्मन... जर्मन बाइट." मग मान वर करून, हसून, "हंबर."

मिसेस लॉरिंगनी टाळ्या वाजवल्या.

बोट ज्यावर होतं ते पान घोड्यांचं होतं. चार वाजताच्या शर्यतीचं. वाऱ्याचा, लाटांचा, हंबरचा त्यावर एक शब्द नव्हता. बॉस्टनहून फक्त पेपराची मागची बाजू दिसत होती. पान दिसत होतं ते ब्रायनीला.

निरोप झाला. पडदा काळा झाला, त्यात दोघांचे चेहरे उमटले. ब्रायनीने लॅपटॉप मिटला.

आजोबांनी चष्म्याची घडी घातली. किटलीत पाणी भरलं. पाठमोरेच म्हणाले, "मध्ये अडखळलो ते बरं दिसलं ना? एकदम घडाघडा म्हटलं असतं तर बाईला शंका आली असती."

"आजोबा, मी..."

"तिला कुठून माहीत असणार हंबर," ते म्हणाले. "साखर एक की दोन?"

सप्टेंबरमध्ये, आजीला पुरून आल्यावरच्या आठवड्यात, याच टेबलावर आजोबांनी तिला विचारलं होतं, "मला वाचायला शिकवशील?" आणि ती म्हणाली होती, "अर्ज भरून होऊ देत, मग."