शालिग्राम स्मृती शिष्यवृत्ती

बाबा गेल्यावर त्यांच्या नावानं दान कशासाठी द्यावं हे ठरवायला विशालदादानं नवा रायपूरहून एका फाउंडेशनच्या दीदींना घरी बोलावलं.

"तुमच्या बाबांना कशाची जास्त कळकळ होती?" दीदींनी विचारलं.

"पोट्टींच्या शिक्षणाची," दादा म्हणाला.

मी चहाचा कप असा आपटला की बशी भरली.

शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी शिष्यवृत्ती ठरली. वयाची अट नको, हे दादानंच मोठ्या मनानं सांगितलं.

पहिला अर्ज पाहून त्याचा मला फोन आला. "अनुश्री, बाबाची इज्जत काहून घालवून राहिली तू?"

'शिक्षण का सुटलं?' या रकान्यात मी लिहिलं होतं:

"ही शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाची आहे, त्यांनी माझा कॉलेजचा फॉर्म सिगडीत घातला."