मधले तुकडे

"हे एवढं कापून टाक," विजयसिंह म्हणाला. तो साखर कारखान्याचा संचालक. सम्राटच्या खोलीतल्या पडद्यावर कारखान्याच्या वार्षिक सभेचा व्हिडिओ थांबवलेला होता, आणि त्याच्या मधोमध हातात माईक धरून बायडाबाई उभ्या होत्या.

सम्राटनं मान हलवली. "कापलं की कळतंय, दादा. लांबी कमी भरती. सभासद बोंबलत्यात."

इथंच तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण विचारलं नसताना अक्कल पाजळायची त्याला भारी हौस. दिवसभर त्या खोलीत एकटा बसून व्हिडिओ नेटवर चढवणाऱ्या माणसाला ऐकणारा मिळाला की हे असं होतं. त्यानं खुर्ची वळवून समजावून सांगितलं. नेटवर अख्खा व्हिडिओ जात नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा भारी, मध्यम, हलका असा वेगवेगळा बनवून ठेवायचा. ज्याची रेंज जशी, तसा तुकडा त्याच्या फोनवर पोचतो.

"आता मधलं तुकडं चढवलंच न्हाईत तर? लांबी पूर्ण दिसती. तितं आलं की नुसतं गोल फिरतंय, मग म्होरलं चालू. बगणारा म्हणतोय, रेंज गेली."

विजयसिंहानं त्याच्या पाठीवर थाप मारली. साप मेला आणि काठीही मोडली नाही. कारखान्याची पुढची सगळी कामं आता तुलाच, असं तो हसत हसत म्हणालाही.

त्या तुकड्यांत होतं तरी काय? बायडाबाईंचा मुलगा जोतीराम बॉयलरवर मेला आणि कारखान्यानं जाहीर केलं, दारू पिऊन होता. सभेत बायडाबाईंनी विचारलं, "कुणी बगितलं त्येला पिताना?" तेव्हा त्या पाळीचा फोरमन बाळासो उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरगा शुद्धीत हुता. व्हॉल्व्ह खराब हुता. मी कवाच सांगितलंतं." दुसऱ्याच दिवशी बाळासोला समज मिळाली. तो पुन्हा बोलणार नव्हता. सभेला बसलेले बाकीचे तर आधीपासूनच मिंधे.

दुपारी सभा नेटवर आली. ती बघायला विजयसिंह परत आला, चहा मागवला, तोच बायडाबाई दारात.

"सम्राट, बग की रं. माझ्या हातात माईक आला की ह्ये गोल फिरायला लागतंय, बाळासोचं बोलणं येतच न्हाई. सूनबाई तिकडं मुरगुडात माहेरी पोराला घिऊन बसलीया. शाळंत त्येला बेवड्याचा म्हणत्यात. येकदा त्येला ऐकू दे, बाप कसा हुता ते."

सम्राटनं नेटवरची सभा लावली. बायडाबाई पदर सावरून पडद्याजवळ सरकल्या. माईक हातात आला आणि गोल फिरू लागलं. मग एकदम आभारप्रदर्शन.

मूळ व्हिडिओ त्याच संगणकात होता. बोट हलवलं असतं तर बाळासो बोलला असता. विजयसिंह कपावरून बघत होता.

"रेंज न्हाय, काकू," सम्राट म्हणाला. जीभ अडखळलीसुद्धा नाही त्याची.

"काकूंना चा सांग," विजयसिंह म्हणाला.

"नगं, नगं." त्या बाहेर पडल्या. पायरीवरच उभं राहून त्यांनी सुनेला फोन लावला. आवाज असा, की फोनशिवायही मुरगूडला पोचावा.

"पोराला घिऊन गच्चीवर जा, तितं रेंज लागंल... आगं, सम्राट सांगतोय न्हवं? त्यो कशापायी खोटं बोलंल? जोत्याच्या मढ्याला खांदा दिलता त्यानं."