लाल दोऱ्याची निब

सोमेश्वर गुरुजींनी भिंग डोळ्याला लावले आणि शिवकन्येने आणलेली निब कापसावर ठेवली. तिच्या बुडाशी विटलेला लाल दोरा बांधलेला होता.

“निरखून बघा, गुरुजी. बाबाच्या दुकानातली ही शेवटची हाय.”

गुरुजींनी देवघरातून चंदनाची डबी आणली. तीत रेशमी वस्त्रावर, त्यांच्या गुरूंनी चाळीस वर्षांपूर्वी दिलेली सोन्याची निब होती. आष्टीत कुणी शाईच्या पेनासाठी नवी निब घेतली, की खऱ्याखोट्याचा निवाडा हिच्याशी ताडूनच होई. गुरुजी तिला रोज कोरड्या मलमलीने पुसत. पाण्याचा थेंब तिला कधी लागू दिला नव्हता.

त्यांनी दोन्ही निबा शेजारी ठेवल्या. गुरूंच्या निबेचे छिद्र पिंपळपानाच्या आकाराचे होते, हिचे वाटोळे.

अठरा वर्षांपूर्वी असेच वाटोळे छिद्र पाहून ते शिवकन्येच्या बाबांना भर दुकानात म्हणाले होते, “बबनराव, या निबा नकली आहेत.” बबनराव केवळ अस्सल सोन्याच्या निबेलाच लाल दोरा बांधीत. त्या दिवसापासून ‘लाल दोऱ्याचं सोनं’ म्हणजे खोटा माल, अशी गावात म्हणच पडली. दुकान बुडाले. बबनराव कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, आणि आता कडा गावी अंथरुणाला खिळले होते.

“छिद्र वाटोळेच आहे, पोरी.”

“एकदा पाण्यात ठेवून तरी बघा. बाबा म्हणतो, सोनं पाण्याला भेत न्हाई.”

“ताडून पाहिले, तेवढे पुरे. गुरूंच्या निबेहून मोठे प्रमाण मी कोठून आणू?”

“प्रमाण ऱ्हाऊ द्या तुमचं. दोन दिस झाले, बाबाच्या घशाखाली पानी उतरत न्हाई. मी फोन लावते. तुमी नुसतं ‘खरी हाय’ म्हणा. तेवढ्यासाठी जीव अडकलाय त्याचा.”

तिने फोन लावून पुढे धरला. पलीकडून श्वासाची घरघर ऐकू येत होती. गुरुजी आयुष्यात असत्य बोलले नव्हते.

“बबनराव,” ते अखेर म्हणाले, “मन शांत ठेवा. मी तुम्हांला क्षमा केली आहे.”

घरघरीतून क्षीण आवाज आला, “कशापायी, गुरुजी?”

शिवकन्येने फोन बंद केला. “ठेवा ही तुमच्यापाशीच,” ती उठत म्हणाली. “हिला घेऊन घरात शिरायला मला तोंड न्हाई.”

तो खंडेनवमीचा दिवस होता. संध्याकाळी कड्याहून निरोप आला, बबनराव गेले.

गुरुजी आसनावरून उठले नाहीत. दरवर्षी या दिवशी ते गुरूंच्या निबेला स्वहस्ते कोरडे हळदकुंकू वाहत. आज सून सुरेखा दाराशी येऊन म्हणाली, “मामा, पूजा मी मांडू का?”

त्यांनी मान डोलावली. “त्या पोरीची निबही तबकात ठेव. खोटी असली, तरी लेखणीच ती.”

सुरेखाने माहेरी विळ्याकोयत्याची पूजा करीत तशीच ही पूजा केली. दोन्ही निबांना दह्यामधाचे पंचामृत घातले, वर पाणी शिंपडले आणि निबा न पुसता झेंडूच्या फुलांखाली झाकून ठेवल्या.

दसऱ्याच्या पहाटे स्नान करून गुरुजी देवघरात आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. समईचा उजेड मंद होता. त्यांनी फुले हळूच बाजूला केली. एक निब लखलखत होती. दुसरीवर तांबूस गंज चढला होता.

रात्रभर छातीवर बसलेला दगड जणू उतरला. सत्य स्वतःच प्रकट होते, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी डोळे मिटले, गुरूंचे स्मरण केले, लखलखती निब दोन्ही हातांनी उचलली आणि भक्तिभावाने मस्तकी लावली.

भिजलेला लाल दोरा त्यांच्या कपाळाला चिकटला.