माहेरचं नाव

"आई, तू मला ओळखत नाहीस. एवढंच लक्षात ठेव."

"न्हाय वलखत," द्वारका म्हणाली. "पन पानी तरी दे. अनोळखीला बी पानी देतान."

ऋतिकाने बाटली दिली आणि कॉलेजच्या जिन्यात वरखाली पाहून घेतलं. कोणी नव्हतं. मग तिचं लक्ष आईच्या साडीकडे गेलं. जरीची, पुतण्याच्या हळदीत नेसलेली.

"बाजारात बसतेस तशी ये म्हटलं होतं ना! एवढी नटून कशाला आलीस?"

"तुज्या कालिजात पैल्यांदा येतंय म्हनून," द्वारका म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पदराची जर झाकायला लागली.

मीरा रोडच्या त्या कॉलेजात शाळकरी मुलांसाठी सुट्टीचं शिबिर होतं. बायोमेडिकल डिझाइन. एखाद्या माणसाची शारीरिक अडचण शोधायची, त्याच्याशी बोलायचं आणि त्याला उपयोगी पडेल असं उपकरण बनवायचं. त्या माणसाला युजर म्हणायचं. शिबिराचे मितेश सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "युजर नात्यातला नको हां. घरच्यांबद्दल एम्पथी फुकटात येते, त्याचे मार्क नाय. नात्यातला निघाला तर प्रोजेक्ट बाद."

मुलं युजर शोधायला बाहेर पडली आणि बहुतेकांना तो स्वतःच्याच स्वयंपाकघरात भांडी घासताना सापडला. ऋतिकाच्या घरी कामवाली नव्हती. कामाला होती ती आईच.

द्वारकाच्या उजव्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा गेला होता. जखम चिघळली, भरली, पण अंगठा वाकेना. मासे कापायचा कोयता हातात ठरेना. उत्तनजवळच्या चौक गावाहून टोपली घेऊन ती भाईंदरच्या बाजारात यायची, पण कापून द्यायचं काम शेजारणीकडे गेलं होतं आणि त्यामागोमाग गिऱ्हाईकंही. ऋतिकाने तळहाताला बांधायची एक मूठ बनवली. अंगठ्याचं काम मनगट करणार. पहिली मूठ आईच्या हाताला लागली, दुसरी मोडली, तिसरी बसली. तिला तिने 'ग्रिपमित्र' असं नाव दिलं, कारण नाव दिल्याशिवाय उपकरण होत नाही.

म्हणजे नियमाचीच अडचण होती, असं ऋतिका स्वतःला सांगत असे. ते खरंही होतं. पण नियम सांगितला गेला त्याच्या आधीच, ओळखपरेडीत, वडील काय करतात या प्रश्नावर ती "मरीन लाइनमध्ये आहेत" असं म्हणाली होती. तिच्या वडिलांची, परशुराम तांडेलांची, होडी तेव्हा उत्तनच्या किनाऱ्यावर पालथी पडून डांबर लावून घेत होती.

हॉलमध्ये एसी होता. एसीत मासे चालणार नाहीत म्हणून सरांनी दुधी आणवला होता. द्वारकाने मूठ बांधली, कोयता घेतला आणि दुधीच्या सुरमईसारख्या तुकड्या पाडल्या. हॉल टाळ्यांनी भरला. परीक्षक हेमांगी मॅडम पुढे वाकल्या.

"मावशी, या मुलीची आणि तुमची ओळख कशी झाली?"

"बाजारात आली व्हती. बोंबील घ्याया." द्वारका ऋतिकाकडे बघून परक्या माणसासारखी हसली. "भाव लय करते ही ताई. पन माज्या हाताकडं बगितलान. मानसं मासली बगतान, हात कोन बगतंय?"

सगळे हसले. ऋतिकाही हसली. 'ताई' हा शब्द मात्र तिच्या कानातून पुढे सरकेना. आई इतकं चांगलं खोटं बोलते हे तिला ठाऊक नव्हतं. तिने शिकवलं होतं त्याहून कितीतरी चांगलं.

पहिला नंबर जाहीर झाला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : ऋतिका परशुराम तांडेल. मितेश सर माइक घेऊन द्वारकाकडे वळले.

"युजरला पण सर्टिफिकेट आहे हां. मावशी, पूर्ण नाव बोला. तुमचं, मिस्टरांचं, आडनाव."

ऋतिकाने सगळ्याची तालीम घेतली होती, एवढं राहिलं होतं. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येणार, आणि ते तर मागे हातभर अक्षरांत झळकत होतं. आपणच उठून सांगून टाकावं, ही माझी आई आहे. तिने तोंड उघडलं. समोर सगळं शिबिर बसलं होतं, आई जरीच्या साडीला दुधीचा हात पुसत होती. ऋतिकाने तोंड मिटलं.

द्वारकाने पडद्याकडे पाहिलं. सावकाश वाचलं.

"द्वारका," ती म्हणाली. "द्वारका रघू वैती."

"रघू म्हणजे मिस्टर?"

"न्हाय. बाप माजा."

"अरे वा!" हेमांगी मॅडम खुर्चीतून उठल्याच. "बघा, शिका जरा! लग्नानंतरही माहेरचं नाव लावतात मावशी. याला म्हणतात स्वतंत्र बाई!"

सगळा हॉल उभा राहिला. दुधी कापल्यावर वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या वाजल्या. द्वारका काही न कळल्यासारखी हसत उभी राहिली.

ऋतिकानेही टाळ्या वाजवल्या. न वाजवून कसं चाललं असतं? रघू वैतींच्या द्वारकाचं लग्नच व्हायचं होतं; तिला अजून मुलगी नव्हती.